दिवाळीच्या किल्ल्याभोवती फटफट बोट : कामाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार (दसरा)

यंदा पोरांनी सिंधुदुर्ग करायचा ठरवलाय. जुलैत युनेस्कोच्या यादीत शिवकालीन बारा किल्ले आले, शाळेत त्यांचा तक्ता लागला, आणि दरवर्षीचा रायगड सोडून भाचा सिंधुदुर्गावर अडून बसला. खरं कारण एवढंच, की भोवती समुद्र करायला मिळतो. समुद्र म्हटल्यावर त्यात काहीतरी चालायला हवं, आणि मी सोनं वाटता वाटता बोलून गेले, "मेणबत्तीवर चालणारी बोट मी करून देते."

लहानपणी तासगावच्या रथाला वडिलांनी घेऊन दिली होती तसली. पत्र्याची, आत वात, मागे दोन नळ्या. आम्ही तिला फटफट बोट म्हणायचो. दुसऱ्याच दिवशी मी ती आत पाणी न भरता कोरडीच पेटवली आणि तिच्या पत्र्याच्या सांध्याचा डाग सुटला.

ठरवलेला खर्च ३०० रुपये. मुदत वसुबारसेपर्यंत, म्हणजे १७ तारखेपर्यंत. ऑफिसमधून सहाला घरी येते, त्यामुळे हातात रोजचे दीड-दोन तास.

४ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्यात सोपा प्रकार वेटोळ्याचा. तांब्याच्या नळीला मधोमध दोन वेढे द्यायचे, दोन्ही टोकं बोटीच्या मागून पाण्यात सोडायची, वेढ्याखाली मेणबत्ती. सांधा नाही, झडप नाही, काही नाही. आत पाणी भरलेलं असतं, ते तापलं की वाफ पुढचं पाणी मागे ढकलते, वाफ निवली की पाणी परत आत येतं. हेच सारखं चालतं.

नळीसाठी फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात गेले. "कुठला फ्रीज?" "फ्रीज नाही, बोट." तो आधी हसला, मग स्वतःच उत्साहाने शोधायला लागला. दीड सुताची (जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची) नळी एक मीटर १४० रुपयांना दिली आणि कॅपिलरीचा, म्हणजे फ्रीजमधल्या अगदी बारीक नळीचा, हातभर तुकडा फुकट.

फुकटचं आधी वापरलं, ही पहिली चूक. कॅपिलरी पेनाभोवती अगदी सहज वळते, दिसतेही सुरेख. पण आतलं भोक जेमतेम मिलिमीटरभर. बादलीत धरून मेणबत्ती लावली तर एकदा थुंकल्यासारखं झालं, दोन बुडबुडे आले आणि पुढे काही नाही. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा. दोन तास गेले. दुकानदार देईल ती पहिली नळी घेऊ नका, काडेपेटीतली काडी आत जाते का बघा.

५ ऑक्टोबर, रविवार

दीड सुताची नळी हाताने वळवायला गेले तर पहिल्याच वळणाला चेपली. दहा सेंटिमीटर कापून टाकले. मग उरलेली नळी गॅसवर थोडी थोडी सरकवत लालसर होईपर्यंत तापवली आणि निवू दिली. यानं तांबं खरोखर मऊ पडतं, एवढं की हातात घेतल्यावर दुसराच धातू वाटतो.

चेपू नये म्हणून आत वाळू भरायची, हे कुठेतरी वाचलेलं. चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू भरली, टोकं कणकेनं बुजवली, जाड मार्करभोवती दोन वेढे दिले. वेढे सुरेख आले. वाळू मात्र बाहेर येईना. थोडी दमट असणार. आपटलं, तार घातली, सायकलचा पंप लावला, वहिनीचा मिक्सर थोडक्यात वाचला. दीड तासानं ती नळी ठेवून दिली. आजही टेबलावर आहे, हलवली की आवाजसुद्धा येत नाही, इतकी ठासली आहे.

दुसऱ्या तुकड्यात वाळूऐवजी बारीक मीठ भरलं. मीठ आधी तव्यावर भाजून कोरडं केलं. वेढे दिले, टोकं उघडली, नळाखाली धरलं. दहा मिनिटांत मीठ विरघळून वाहून गेलं आणि आरपार फुंकर जायला लागली. एवढं सोपं होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार (कोजागिरी)

ज्यूसचा एक लिटरचा खोका उभा चिरून बोट केली. आतून चंदेरी अस्तर असतं, ते थोडीफार धग सोसतं. तळाला मागच्या बाजूला दोन भोकं पाडून नळ्या तिरक्या बाहेर काढल्या. वेटोळं वर, टोकं पाण्याखाली बोटभर. भोकं मेणानं बुजवली. (ही चूक ठरणार हे तेव्हाच कळायला हवं होतं. मेणबत्तीशेजारी मेण! तिसऱ्या फेरीत बोटीत पाणी आलं. मग दोन गोळे मळून लावायची एपॉक्सी लावली, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा डिंक.)

नळीत पाणी भरताना एक टोक पाण्यात ठेवून दुसऱ्यानं तोंडानं ओढायचं, तोंडात पाणी आलं की बोट लावून बंद करायचं आणि दोन्ही टोकं पाण्याखालीच सोडायची. मध्ये हवा राहिली तर चालत नाही.

मसाला दूध गॅसवर आटत असताना टबात पहिली चाचणी. अर्धा मिनिट काही नाही. मग बोटीच्या मागचं पाणी थरथरायला लागलं, आणि बोट अगदी सावकाश, कुणी दोरीनं ओढतंय अशी, समोरच्या कडेला जाऊन टेकली. दादासुद्धा दुधाचा पेला घेऊन आला.

भाची म्हणाली, "आत्या, आवाज कुठाय?"

आवाज नाहीच. बोटीला बोट लावलं तर कंप जाणवतो, एवढंच. वेटोळ्याची बोट मुकी असते. फटफट आवाज येतो तो पातळ पत्रा आतबाहेर होतो त्याचा, आणि या बोटीत पत्रा कुठेच नाही. चालणारी बोट हातात होती, इथं थांबता आलं असतं. पण फटफट बोट फटफट करत नाही म्हणजे काय!

८ ऑक्टोबर, बुधवार

पत्र्याचं इंजिन म्हणजे एक चपटी डबी. तिचा वरचा पत्रा कागदासारखा पातळ हवा आणि मागून दोन नळ्या हव्यात. पातळ पत्रा म्हणजे थंड पेयाचा कॅन. दोन कॅन आणले, ८० रुपये. पोरांनी आतला माल संपवायचं काम तत्परतेनं केलं.

साध्या कात्रीनं कॅन कापता येतो. कडा मात्र ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला. मी घातले नव्हते.

संध्याकाळभर कडा सोल्डर करायचा, म्हणजे वितळलेल्या कथलाच्या तारेनं डाग देऊन जोडायचा प्रयत्न केला. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावं तसं सोल्डर घरंगळतं. पेस्ट जास्त लावली, सोल्डरची इस्त्री जास्त तापवली, पत्रा घासला, तरी तेच. शेवटी फ्रीजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ते ॲल्युमिनियम आहे." ॲल्युमिनियम घासलं तरी त्यावर लगेच ऑक्साइडचा थर येतो, साधं सोल्डर त्यावर बसत नाही. एक संध्याकाळ गेली आणि इस्त्रीचं टोकही गेलं, नवं ४० रुपयांना.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आता चिकटवायचं ठरवलं. माप असं : ६ गुणिले १४ सेंटिमीटरची पट्टी, मधोमध दुमडून पाकीट. दोन बाजूंच्या कडा पाच-पाच मिलिमीटर दोनदा दुमडून दाबायच्या. उघड्या तोंडातून दोन नळ्या.

नळ्यांसाठी खरं तर वाकणारे प्लॅस्टिकचे स्ट्रॉ सोपे पडतात, पण जुलै २०२२ पासून त्यांच्यावर बंदी आहे. दुकानात कागदी मिळाले. कागदी स्ट्रॉ पाण्यात दहा मिनिटांत शेवयांसारखे मऊ पडले.

शेवटी माळ्यावरचा वडिलांचा बंद पडलेला रेडिओ आठवला. त्याची एरियल! एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्या, वर चकचकीत मुलामा. हव्या त्या जाडीचा भाग निवडता येतो. दादा म्हणाला, "रेडिओ दुरुस्त करायचा होता मला." गेली अकरा वर्षं करायचा आहे. मी फक्त एरियल काढली, रेडिओ होता तिथे परत ठेवला.

एरियल पक्कडीनं तोडू नका, तोंड चेपतं. तिकोनी कानशीनं गोल फिरवत खाच पाडायची, मग हातानं मोडते. तोंडाशी आलेला कंगोरा सुईनं काढायचा.

पाच मिनिटांत सुकणारी एपॉक्सी लावली आणि झोपले.

११ ऑक्टोबर, शनिवार

बिघडली. पाणी भरलं, मेणबत्ती लावली, तापेपर्यंत ठीक. मग सुस्स आवाज, पाण्याचा थेंब ज्योतीवर, मेणबत्ती विझली. तीनदा असंच.

उघडून बघितलं तर दोन चुका सापडल्या. कॅनला आतून लाखेसारखा पातळ थर असतो. मी तो घासलाच नव्हता, त्यामुळे नखावरचं पॉलिश निघावं तशी एपॉक्सी अखंड सोलून आली. एरियलच्या मुलाम्यावरही तेच. आणि दुसरी, पेटवण्याआधी गळती तपासलीच नव्हती. एक नळी बोटानं बंद करायची, दुसरीतून फुंकायचं, इंजिन पाण्यात बुडवलेलं. बुडबुडा आला की तिथे गळती. अर्ध्या मिनिटाचं काम. ते न केल्यामुळे दोन दिवस गेले.

आज नवीन पाकीट केलं. चिकटवायच्या सगळ्या जागा पॉलिश पेपरनं पांढुरक्या होईपर्यंत घासल्या. या वेळी सावकाश सुकणारी एपॉक्सी, दोन्ही ट्यूब समान पिळून, दोन मिनिटं नीट घोटून. कागदावर वेळ लिहिली, रात्री ९:१५, आणि तो कागद इंजिनाशेजारी ठेवला. भाच्याला सांगितलं, उद्या सव्वानऊपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हे खरं म्हणजे मला स्वतःलाच सांगत होते.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज किल्ल्याचं काम. दगड, विटा, पोतं, लाल माती. समुद्र म्हणजे बाहेरून दीड मीटर रुंद गोल चर, चराची रुंदी फूटभर, आत प्लॅस्टिकचा कागद (८० रुपये). तटाची वळणं भाच्यानं हौसेनं काढली. दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर यांच्या जागी बाटल्यांची तीन झाकणं. धाकटीनं तटावर हळीव पेरले.

रात्री साडेनऊला फुंकून पाहिलं. बुडबुडा नाही!

१३ ऑक्टोबर, सोमवार

चालली. आणि वाजली.

आधी तीन-चार दबके टप. मग थांबली, मला वाटलं गेली. मग एकदम सुरू, टपटपटपटप, आणि वरचा पत्रा इतका जलद हलतो की त्यावर पडणारा दिव्याचा उजेड थरथरताना दिसतो. टबाच्या कडेला आपटली तरी इंजिन चालूच.

आवाज मात्र दबका होता. जत्रेतला पत्र्याचा बेडूक अंगठ्यानं दाबला की टक् वाजतो, तसा पत्रा हवा. माझा अगदी सपाट होता. निवल्यावर चमच्याच्या पाठीनं वरचा पत्रा मधोमध हलकेच घोटून किंचित फुगीर केला. अंगठ्यानं दाबून बघायचा, टक् करून आत गेला आणि सोडल्यावर बाहेर आला की झालं. आता आवाज वरच्या मजल्यावर जातो. काकू विचारायला खाली आल्या, कूलर लावलाय का म्हणून.

या इंजिनात तोंडानं पाणी ओढता येत नाही, पत्रा आत बसतो. नळ्या वर धरून एकीत सिरिंजनं पाणी घालायचं, दुसरीतून यायला लागलं की भरलं. आणि चालू बोट पाण्यातून उचलू नका. मी उचलली. नळीतून गरम पाण्याची पिचकारी मनगटावर. फोड आला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

जळण. तेलाची वात लावली, बरी चालते, पण बोट डुलली की तेल सांडतं आणि काजळी धरते. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्तीचा तुकडा झाकणात उभा केला, हा सगळ्यात चांगला. ज्योत पत्र्यापासून बोटभर खाली हवी. जवळ गेली की ज्योत चेपते, काजळी वाढते आणि उष्णता उलट कमी लागते.

भाचा म्हणाला कापूर लावू या. मी नको म्हणायला हवं होतं, पण मलाही बघायचं होतं. दोन वड्या. बोट अशी पळाली की आम्ही सगळे ओरडलो. साधारण पाऊण मिनिट. मग जळका वास, बाजूची दुमडलेली कड उघडली, आणि मधल्या मधे इंजिन फुस्स. कापराची ज्योत पसरट आणि उंच, ती थेट चिकटवलेल्या कडेवर गेली. एपॉक्सी आतून पाणी आहे तोवर टिकते, कारण पाणी तिला तापू देत नाही. दुमडलेल्या कडेत पाणी नसतं.

इंजिन क्रमांक दोन संपलं. तीन नंबरला कडा पाचाऐवजी आठ मिलिमीटर दुमडल्या, दोनदाच, आणि मेणबत्तीची जागा तारेनं बांधून टाकली, बरोबर मध्यावर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार (वसुबारस)

मुदत संपली. तीन नंबरची एपॉक्सी काल रात्री लावली, ती आज रात्री साडेदहाला होणार. पोरं सकाळपासून समुद्रात पाणी भरून बसलेली. संध्याकाळी मुकी बोट सोडली. शेजारची पोरं बघायला आली होती, त्यांना आवडली. आमच्या दोघांचे चेहरे मात्र पडलेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

फटफट बोट समुद्रात. टबात पंधरा मिनिटं चालणारी बोट इथे दोन मिनिटांत गप्प. पुन्हा भरली, पुन्हा गप्प. फुंकून बघितलं तर एक नळी बंद. इंजिन मागचं पाणी आत ओढतं, आणि समुद्राचं पाणी लाल चिखलाचं. मी इंजिनात माती भरत होते.

सिरिंजनं उलटसुलट पाणी मारून साफ केलं, बराच वेळ लागला. वहिनीनं उपाय सांगितला, गावाकडं हंड्यात फिरवतात तशी तुरटी फिरव. फिरवली. सकाळपर्यंत तळ दिसायला लागला. तटाची माती परत ढासळून पाण्यात येऊ नये म्हणून पायथ्याला खडे लावले.

दुसरी अडचण म्हणजे बोट सरळ जाते, समुद्र गोल. नाक कडेला रुतवून उभी राहते आणि तिथेच फटफट करत बसते. सुकाणू वाकवून पाहिलं, तर किल्ल्यावर आपटते. शेवटी खराट्याच्या दोन काड्या नाकाला मिशांसारख्या बांधल्या, बाहेर वाकलेल्या. आता ती बाहेरच्या कडेला घासत घासत वळते. प्लॅस्टिकच्या सुरकुत्यांत मिशी अडकायची, तिथे कागद ताणून वरून दगड ठेवला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार (लक्ष्मीपूजन)

पूजा झाल्यावर बोट सोडली. पूर्ण फेरी, कुठेही न अडकता. अंदाजे साडेचार मीटर, एक मिनिट पन्नास सेकंद. मग दुसरी, तिसरी. एका मेणबत्तीच्या तुकड्यात सहा फेऱ्या झाल्या. पलीकडच्या अंगणात लवंगी माळा तडतडत होत्या, त्या थांबल्या की मध्येच हा बारीक टपटपाट ऐकू यायचा.

भाच्याला एक शंका फार दिवस छळत होती. "आत्या, महाराजांच्या आरमारात गलबतं होती, गुराबा होत्या. शिडाच्या. त्यांच्यात इंजिन नव्हतं." धाकटी म्हणाली, "मग शीड लाव." काडीला भगव्या पताकेचा कागद लावला. शीड मेणबत्तीच्या बरोबर वर. दुसऱ्या फेरीत साखरविहिरीच्या समोर आरमार पेटलं. काड्या आणि कागदच जळाले, खोक्याचा काठ थोडा काळा पडला. जवळ पाण्याची बादली ठेवली होती. समुद्रात बुडवायचं सुचायच्या आधी मी ती ओतली, त्यात तटाचा बुरूजही गेला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार (भाऊबीज)

हिशेब : तांब्याची नळी १४०, दोन प्रकारची एपॉक्सी ५० आणि ११०, कॅन ८०, प्लॅस्टिक कागद ८०, मेणबत्त्या ३०, इस्त्रीचं टोक ४०. एकूण ५३० रुपये. सोल्डर आणि पाच मिनिटांची एपॉक्सी टाळली असती तर ४४० मध्ये झालं असतं. तरी तीनशेत नाहीच.

तीन नंबरचं इंजिन अजून चालतं. आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर धरायला लागलाय, लिंबाचं पाणी भरून रात्रभर ठेवलं की आवाज परत मोकळा होतो. खोका मात्र मऊ पडला, दुसरा कापावा लागेल.

ओवाळून झाल्यावर भाच्यानं मागच्या खिशातून चपटा केलेला कॅन काढला. मित्राच्या घरून आणलेला. कडा स्वतः दुमडल्यात, जरा वाकड्या, पण आठ मिलिमीटर बरोबर. पॉलिश पेपरही त्यानंच मारला. एरियलचे उरलेले दोन तुकडे दिले. एपॉक्सी मी घोटली, लावली त्यानं, नळ्यांच्या मधल्या फटीत काडीनं कोंबून. जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

आता इंजिन खिडकीत आहे. शेजारी त्यानं वहीचा कागद ठेवलाय : "रात्री ९:४०. उद्या ९:४० पर्यंत हात लावू नये. आत्यानेसुद्धा."